रिसॉर्टवर मुक्काम आणि आकाशदर्शन: तारीख ठरवण्यापासून पहाटेपर्यंत

भंडारदरा, माळशेज किंवा तारकर्लीला दोन रात्री राहून आलेल्या मंडळींना "तारे दिसले का?" असं विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं: "दिसले की, पण फोटोत दाखवतात तसं काही नव्हतं." थोडं खोदून विचारलं, की सगळा उलगडा होतो. चंद्र डोक्यावर होता. जेवण साडेदहाला उरकलं, मग शेकोटीभोवती अंताक्षरी झाली. झोपायला जाताना बागेतल्या दिव्याखाली उभं राहून पाचेक मिनिटं मान वर केली, एवढंच आकाशदर्शन.

यात रिसॉर्टचा दोष कमी आणि क्रमाचा जास्त. आपण आधी खोली बुक करतो, मग बाकीचा बेत आखतो आणि आकाशाची आठवण थेट तिथे पोचल्यावर होते. आकाश बघायचं असेल तर तारीख पहिली, जागा दुसरी आणि खोली तिसरी.

१. तारीख: भिंतीवरचं कॅलेंडर काढा

संध्याकाळी आणि रात्री बाराच्या आत बघायचं असेल, तर वद्य अष्टमीपासून अमावास्या ओलांडून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या रात्री निवडा. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, म्हणजे त्याआधीचा सगळा वेळ अंधार तुमचा. पुढे चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी लांबत जातो. शुद्ध तृतीयेची कोर जेवणं होईपर्यंत मावळलेली असते.

सोपी खूण हवी असेल तर संकष्टी बघा. त्या दिवशीचा चंद्रोदय प्रत्येक कॅलेंडरवर छापलेला असतो, साधारण नऊच्या आगेमागे. म्हणजे संकष्टीला तारे बघायला जेमतेम दीड-दोन तास मिळतात. तिथून चार-पाच दिवस पुढे सरका, की रात्र मोकळी होते.

सगळ्यात जास्त फसगत कोजागरीला होते. "आकाश छान असतं" म्हणून लोक मुद्दाम त्या शनिवार-रविवारी जातात. चांदणं छान असतं यात वाद नाही, पण त्या चांदण्यात आकाशगंगा पुसली जाते आणि मोजके ठळक तारे तेवढे उरतात. दूध पिऊन या, तारे बघायला पंधरा दिवसांनी जा. मात्र आश्विनातली अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन. चंद्र नसला तरी गावागावांत रोषणाई आणि फटाक्यांचा धूर असतो. त्या अंधाऱ्या पंधरवड्यात जायचंच असेल तर वसुबारसेच्या आधीचे दिवस बरे.

अमावास्येला प्रवास नको म्हणणारी मंडळी घरोघरी असतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, आदल्या दिवशी निघा. पोचलेलं असलं म्हणजे झालं.

तपासा: निवडलेल्या रात्री चंद्र किती वाजता उगवतो किंवा मावळतो, हे कागदावर लिहिलं का? लिहिलं नसेल तर बुकिंगकडे वळू नका.

२. महिना: काय बघायचं आहे ते आधी ठरवा

जून ते सप्टेंबर सोडून द्या. ऑगस्टच्या १२-१३ तारखेच्या ययातीच्या (पर्सिड) उल्कावर्षावाचा दरवर्षी गाजावाजा होतो, पण आपल्याकडे तेव्हा ढग असतात. त्यासाठी सह्याद्रीत खोली घेणं म्हणजे पैसे पाण्यात. उल्काच बघायच्या असतील तर १३-१४ डिसेंबरची रात्र धरा. तो वर्षाव मिथुन राशीतून होतो, हवा कोरडी असते आणि रात्री दहानंतर उल्कांची संख्या वाढत जाते. फक्त त्या वर्षी त्या रात्री चंद्र कुठे आहे, ते बघून घ्या.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी सगळ्यात सोयीचा काळ. मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका असा ठळक ताऱ्यांचा मेळा संध्याकाळीच वर आलेला असतो आणि शोधायला कष्ट पडत नाहीत.

पण इथेच मोठा गैरसमज आहे. फोटोतली ती जाडजूड आकाशगंगा म्हणजे तिचा मध्याचा भाग. तो धनू आणि वृश्चिक राशींकडे आहे आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी तो क्षितिजाखाली असतो. डिसेंबरात रात्री नऊला दिसते ती आकाशगंगेची फिकट बाजू. मधला ठळक भाग बघायचा तर मार्चमध्ये पहाटे चार-पाचला उठायचं, मे महिन्यात मध्यरात्रीनंतर जागायचं, नाहीतर ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर अंधार पडताच नैर्ऋत्येकडे बघायचं. ऑक्टोबरची संधी छोटी असते. महिन्याच्या मध्यावर साडेसातला तो भाग बऱ्यापैकी उंच असतो, साडेआठनंतर खाली उतरू लागतो.

आणखी एक, निराशा टाळण्यासाठी. डोळ्यांना आकाशगंगा करड्या-पांढऱ्या पट्ट्यासारखीच दिसते. ते जांभळे-गुलाबी रंग कॅमेऱ्याच्या लांब एक्स्पोजरचे आणि नंतरच्या एडिटिंगचे.

पहाटेचं आकाश बघायचं असेल तर पहिल्या टप्प्यातला तिथीचा हिशेब बदलतो. शुद्ध पक्षात अगदी दशमीपर्यंत चंद्र पहाटेच्या आत मावळलेला असतो. ज्यांची रजा नेमकी त्याच आठवड्यात मंजूर झाली आहे, त्यांना ही पळवाट उपयोगी पडते.

३. जागा: कुठला अंधार कुठल्या दिशेला

रिसॉर्टच्या जाहिरातीतलं "निसर्गाच्या कुशीत" वाचून काही कळत नाही. नकाशा उघडा आणि मोठी शहरं कोणत्या दिशेला आहेत ते बघा. शहराचा उजेड क्षितिजावर पिवळट घुमटासारखा चढतो आणि ती बाजू वाया जाते. माळशेजला पश्चिमेला कल्याण-ठाण्याचा उजेड आहे. भंडारदऱ्याला उत्तरेकडे नाशिक, तर नैर्ऋत्येकडे मुंबईपट्टा. म्हणून या दोन्ही ठिकाणी पूर्व आणि आग्नेय बाजू मोकळी असलेली जागा शोधायची. हिवाळ्यात मृग तिकडूनच वर येतो, त्यामुळे काम जमून जातं.

कोकणाचं गणित वेगळं आहे. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर पश्चिम सताड उघडी, पण पूर्वेला सुरूचं बन आणि माडांची रांग. उगवणारे तारे उशिरा दिसतात, मावळणारे शेवटपर्यंत. मात्र किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला असल्यामुळे वाळूवर उभं राहून दक्षिणेकडे नजर लांब जाते आणि हीच कोकणाची खरी कमाई आहे. एप्रिल अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत रात्री साडेनऊ-साडेदहाला त्रिशंकू (सदर्न क्रॉस) हा तारकासमूह दक्षिण क्षितिजावर उभा असतो. तारकर्लीहून तो अकरा ते सतरा अंशांच्या दरम्यान असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश भरते, म्हणजे क्षितिजापासून दीड मूठ वर बघायचं. मे महिन्यात समुद्रावर दमट धुरकटपणा असतो, तेव्हा एका रात्रीवर भिस्त ठेवू नका.

विदर्भातल्यांना लांब जायची गरजच नाही. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोडा या भागातले शंभराहून जास्त दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले गेले. पण रात्री जंगलात मनाला येईल तिथे गाडी लावून तारे बघता येत नाहीत. एकतर वनखात्याच्या व्यवस्थेतून जा, नाहीतर मुक्कामाच्या आवारातच बघा.

४. फोन करा, आणि हेच विचारा

"तिथे तारे दिसतात का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर "हो सर, खूप दिसतात" असंच येतं. त्याऐवजी:

बागेतले, पार्किंगमधले आणि स्विमिंग पूलचे दिवे रात्री किती वाजता बंद होतात? मुख्य स्विच एकच आहे की वेगवेगळे? त्या रात्री लग्न, हळद किंवा कंपनीची पार्टी आहे का? गच्ची उघडी असते का, आणि चावी कुणाकडे? आवारात दिव्यांपासून लांब अशी मोकळी जागा आहे का, निदान क्रिकेट खेळतात तेवढी? रात्रीचं जेवण किती वाजता सुरू होतं?

बोलणं झालं की लगेच व्हॉट्सअॅपवर लेखी टाका. साधं असू द्या: "नमस्कार. आम्ही शुक्रवारी सहा जण येत आहोत. रात्री साडेनऊ ते अकरा मागच्या लॉनवरचे दिवे बंद ठेवता येतील का? बाकी पाहुण्यांची अडचण होत असेल तर दुसरी जागा सुचवा." फोनवर हो म्हणणारा माणूस शुक्रवारी ड्यूटीवर असेलच असं नाही, पण मेसेज दाखवता येतो.

"आमच्याकडे टेलिस्कोप आहे" असं कुणी सांगितलं, तर तो कोण चालवतो ते विचारा. चालवणारा जाणकार नसेल तर हलत्या तिकाटण्यावरच्या त्या नळीतून अर्धा तास काहीच सापडत नाही आणि तेवढ्यात मुलं पांगतात.

इशारा: शनिवार टाळता आला तर टाळा. शनिवारी रात्री डीजे आणि दिवे बंद करवणं कुणाच्याच हातात नसतं. रविवार ते गुरुवार त्याच मॅनेजरकडे तुमच्यासाठी वेळ असतो.

५. सामान: थोडं, पण हेच

जाड सतरंजी किंवा चटई, अंथरायला एक प्लास्टिकचा कागद आणि पांघरायला घरातली गोधडी. उभं राहून आकाश बघणं हा मानेला त्रास आहे, आडवं पडूनच बघायचं. जानेवारीत भंडारदऱ्याला दहानंतर गवतावर दंव पडतं. प्लास्टिक नसेल तर सतरंजी ओली होते आणि कार्यक्रम तिथेच संपतो. कानटोपी, मोजे आणि बूट घ्या, चपला नकोत. कारण सहाव्या टप्प्यात येईल.

बायनॉक्युलर असेल तर ७×५० किंवा १०×५० मापाचं घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. २०× किंवा ३०× वाल्याच्या मोहात पडू नका, हातात धरल्यावर तारे नाचतात.

टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन पेपरचे तीन-चार पदर रबरबँडने बसवा. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. उजेड इतका मंद हवा, की पायाखालचं दिसेल पण शेजारचा माणूस "डोळ्यात नको" म्हणणार नाही.

डासांचं मलम खोलीतच लावा आणि बोटं साबणाने धुवा. काही मलमांतला डीट हा डास पळवणारा घटक प्लास्टिक खराब करतो, शिवाय तेलकट बोटं भिंगाला लागली की तारे फुटके दिसतात.

हवामान बघताना नेहमीची चूक म्हणजे "पावसाची शक्यता शून्य" वाचून निश्चिंत होणं. पाऊस नसतो, पण उंच विरळ ढगांचा पडदा असतो आणि तेवढ्यानेच आकाशगंगा जाते. अॅपमध्ये ढगांचं प्रमाण वेगळं दाखवतात. ते बघा, तेही तासागणिक.

६. पोचल्यावर: उजेड आहे तोवर

चहा घेतला की आवारात फेरी मारा. हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि अंधारात जागा शोधताना ठेच तरी लागते किंवा भांडण तरी होतं.

सूर्य मावळतो ती दिशा लक्षात ठेवा, तिच्यावरून बाकीच्या तीन. मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका. कव्हरला लोहचुंबक असेल किंवा तुम्ही गाडीला टेकून उभे असाल, तर तो खुशाल चुकीची दिशा दाखवतो. मग जागा निवडा. दक्षिण आणि पूर्व मोकळी असलेली, आणि कोणताही दिवा थेट डोळ्यांत येणार नाही अशी. इमारतीच्या सावलीत बसलात तर पलीकडचा दिवा चालू असला तरी निभावतं.

मग स्विच दाखवायला सांगा. केअरटेकर मामांना रात्री शोधत फिरण्यापेक्षा संध्याकाळीच त्यांच्याशी बोला आणि दिवे कधी बंद करायचे, परत कधी लावायचे ते ठरवा. वाटेवरच्या सौर दिव्यांना बहुधा स्विच सापडत नाही. त्यांच्यावर बाथरूममधली बादली उपडी घाला. मामांना विचारून घाला, आणि उठताना बादल्या आठवणीने गोळा करा, नाहीतर सकाळी अंघोळीला बोंब. माणूस हलला की पेटणारा सेन्सरचा दिवा असेल तर जागाच बदला. त्याला इलाज नाही.

इशारा: रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो आणि रात्री तो बाहेर पडतो. बूट घाला, पाऊल टाकण्याआधी जमिनीवर टॉर्च मारा, दगडाच्या कपारीत हात घालू नका. जुन्नर-माळशेज पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. कुंपणाबाहेर जाऊ नका, लहान मुलांना मध्ये बसवा.

इशारा: समुद्रकिनाऱ्यावर अंधारी रात्र आणि उधाणाची भरती एकत्र येतात, कारण दोन्ही अमावास्येच्या. पाणी रात्री उशिरापर्यंत चढत राहतं. वाळूवर वाळलेल्या कचऱ्याची रेघ दिसते, सतरंजी तिच्या बरीच वर टाका.

७. रात्रीचं वेळापत्रक: जेवण आणि शेकोटीची जागा

सूर्यास्तानंतर पूर्ण अंधार व्हायला आपल्याकडे सव्वा तास लागतो. डिसेंबरात सहाला सूर्य गेला, तर सव्वासातला आकाश तयार. जेवण मात्र साडेआठनंतर. मधला सव्वा तास लोक खोलीत टीव्हीसमोर घालवतात आणि नेमका जेवून सुस्तावल्यावर बाहेर येतात.

मी असं सुचवेन: सव्वासात ते साडेआठ पहिली फेरी, मग जेवण, साडेनऊ ते अकरा दुसरी फेरी, आणि शेकोटी सगळ्यात शेवटी. शेकोटी आधी पेटवली तर ज्वाळेकडे बघून डोळे दिपतात आणि धूर आकाशात जातो तो वेगळाच. घरच्यांना शेकोटी आधी हवीच असेल, तर ती विझल्यावर निदान अर्धा तास धरा.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकाने मोबाइल उघडून मेसेज वाचला, की त्याची घड्याळं पुन्हा शून्यावर. म्हणून फोन एका पिशवीत गोळा करा. एकच फोन बाहेर ठेवायचा, त्यावर स्टेलॅरियमसारखं ताऱ्यांचा नकाशा दाखवणारं अॅप लाल रंगात आणि ब्राइटनेस तळाशी. पार्किंगमध्ये गाडी आली तर तिचे दिवे जाईपर्यंत एक डोळा मिटून ठेवा. एक तरी डोळा शाबूत राहतो.

तपासा: आडवं पडून वीस मिनिटं झाल्यावर कृत्तिकेत किती तारे वेगळे दिसतात ते मोजा. सहा किंवा जास्त दिसत असतील तर अंधार चांगला आहे आणि डोळे तयार आहेत. नुसता धुरकट पुंजका दिसत असेल तर कुठून तरी उजेड येतोय, तो शोधा.

८. आकाशात सुरुवात कुठून

अॅप उघडून सगळं आकाश एकदम ओळखायला जाणं ही नवख्यांची खोड. एका ठळक खुणेवरून दुसरीकडे सरका.

जानेवारीत साडेआठ-नऊला पूर्व-आग्नेयेकडे तोंड करा. एका ओळीतले तीन तारे दिसतील, तो मृगाच्या पोटातला बाण. ती ओळ खाली क्षितिजाकडे वाढवली की व्याध, ताऱ्यांमधला सगळ्यात तेजस्वी. तीच ओळ वर वाढवली की तांबूस रोहिणी, आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा झुबका. एवढं पाठ झालं, की व्याधाच्या बराच खाली दक्षिण क्षितिजाजवळ अगस्ती शोधा. तो महाराष्ट्रातून जास्तीत जास्त दोन मुठींइतकाच वर येतो, त्यामुळे समोर डोंगर असेल तर दिसणार नाही. जानेवारीत त्यासाठी दहानंतर बघा.

मग बायनॉक्युलर मृगाच्या बाणाच्या जरा दक्षिणेला धरा. ताऱ्यांच्या लहानशा ओळीत मधोमध एक धुरकट ठिपका दिसतो. तो तेजोमेघ आहे, तिथे नवे तारे तयार होत आहेत. भिंगावर वाफ धरली का, असं वाटून लोक इथे काच पुसत बसतात.

डिसेंबरात पहिल्या फेरीतच देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, बघून घ्या. शर्मिष्ठा (कॅसिओपिया) तारकासमूहाच्या इंग्रजी एम आकारापासून देवयानीकडे सरकताना ती सापडते. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. तिच्याकडे रोखून बघितलं तर ती नाहीशी होते. नजर किंचित बाजूला ठेवा, मग उमटते.

एप्रिल-मेमध्ये उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. शेपटीची कमान पुढे वाढवली की स्वाती, आणखी पुढे चित्रा. शेपटीतल्या मधल्या ताऱ्याजवळ, म्हणजे वसिष्ठाजवळ, अरुंधती वेगळी दिसते का ते आजी-आजोबांसकट सगळ्यांनी बघा. ध्रुव मात्र कुणी डोक्यावर शोधू नये. तो तुमच्या अक्षांशाइतकाच वर असतो, भंडारदऱ्याला सुमारे साडेएकोणीस अंश, आणि तेजही बेताचंच.

लुकलुकत नाही आणि ठळक आहे असं काही दिसलं, तर तो बहुधा ग्रह. सरकतंय पण लुकलुकत नाही, तर उपग्रह. लाल-हिरवं मिचकावतंय, तर विमान. मुलांशी यावर पैज लावा, चाळीस मिनिटं सहज जातात. त्याहून जास्त वेळ लहान मुलांना धरून ठेवू नका.

९. फोटो: बघून झाल्यावरच

फोटो आधी घेतले की स्क्रीनच्या उजेडाने बघणं बुडतं. अकराच्या सुमारास, मंडळी शेकोटीकडे वळली की कॅमेरा काढा. मोबाइल तिकाटण्यावर किंवा विटेला टेकवून पक्का बसवा, फ्लॅश बंद, तीन सेकंदांचा टायमर. प्रो मोड असेल तर फोकस अनंतावर, आयएसओ १६०० ते ३२००, शटर १५ सेकंद. कॅमेऱ्यासाठी ढोबळ नियम असा: ५०० ला फोकल लेंग्थने भागा. २४ मिमी लेन्सला सुमारे २० सेकंद येतात, त्यापुढे गेलात तर तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. एसीच्या खोलीतला कॅमेरा दमट हवेत आणला की काचेवर वाफ धरते. तासभर आधी पिशवीतच बाहेर ठेवा.

१०. पहाटेची फेरी, दुसऱ्या दिवशी

दोन रात्री असतील तर दुसरी पहाट राखून ठेवा. पहिल्या रात्री जागल्यावर चारला उठणं होत नाही आणि सगळे एकमेकांवर चिडतात. मार्चमध्ये चारला आग्नेयेकडे बघा. तांबूस ज्येष्ठा आणि खाली वळलेली विंचवाची नांगी ओळखू आली, की तिच्या डावीकडे धनूच्या बाजूला आकाशगंगेचा जाड भाग आहे. पावणेसहापासून उजाडायला लागतं, त्यामुळे साडेचारनंतर उठलात तर हातात फार वेळ नाही. बागेतले दिवे पहाटे पुन्हा लागतात का, हे मामांना आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी माळी येण्याआधी टायमरवर ते आपोआप पेटतात.